व्हेनिसचा सायंकाळचा पेला

दिवेलागणीच्या सुमारास व्हेनिसच्या अरुंद बोळांतून ‘बाकारो’ नांवाच्या चिमुकल्या मद्यगृहांपुढें लोकांची दाटी होऊं लागते. उभ्याउभ्याच एक लहानसा पेला, पावाच्या तुकड्यावर माशाचा एखादा घास, आणि चार गोष्टी! जेवणापूर्वीं भूक चेतविणाऱ्या या पेयाला इटालियन भाषेंत ‘आपेरितीव्हो’ म्हणतात. मद्यपानाविषयीं कोणाचें मत कांहींही असो, त्या बंदराचा बराचसा इतिहास या पेल्यांत व त्या घासांत सांठलेला आहे खरा.

तो घास पुष्कळदां वाळविलेल्या कॉड माशाचा असतो. हा मासा उत्तर समुद्रांतला. व्हेनिसच्या पाण्यांत तो सांपडत नाहीं. क्रीट बेटावरून मद्य भरून १४३१ सालीं फ्लँडर्सला निघालेलें पिएत्रो क्वेरिनी याचें जहाज वादळांत सांपडलें, आणि वांचलेले मूठभर खलाशी १४३२ च्या जानेवारींत नॉर्वेच्या लोफोटेन बेटांना लागले. तेथील कोळी वाऱ्यावर मासे वाळवितात, हें क्वेरिनीनें आपल्या वृत्तांतांत लिहून ठेविलें आहे. मद्य बुडालें, माशाची ओळख मात्र झाली.

पेल्याची कथा याहून कडू आहे. १७९७ सालीं नेपोलियननें व्हेनिसचें प्राचीन प्रजासत्ताक बुडविलें व तें शहर ऑस्ट्रियाच्या पदरांत टाकलें. मध्यंतरीं कांहीं वर्षें फ्रेंच अंमल आला. पुढें १८१४ पासून पुन्हा ऑस्ट्रियाच. तिकडच्या शिपायांना येथील द्राक्षमद्य फार जहाल वाटे, म्हणून ते त्यांत पाणी शिंपडून घेत, असें सांगतात. ‘शिंपडणें’ या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरूनच ‘स्प्रित्स’ हें नांव पडलें.

१८४८ च्या मार्चांत दानिएले मानिन याच्या नेतृत्वाखालीं व्हेनिस बंड करून उठलें. वेढा, तोफांचा मारा, उपासमार आणि पटकी सोसून १८४९ च्या ऑगस्टांत त्याला शरण जावें लागलें. शस्त्र गेलें, पण रुसवा उरला. सेंट मार्कच्या चौकांत ऑस्ट्रियन लष्कराचा वाद्यवृंद वाजूं लागला कीं देशाभिमानी नागरिक तेथून निघून जात. परकी अधिकारी क्वाद्री उपाहारगृहांत बसत, म्हणून तेथें पाऊल टाकणेंही त्यांना कमीपणाचें वाटे. संगीत कितीही गोड असलें तरी तें ऐकावयाचें नाहीं, हा निग्रह कांहीं सामान्य नव्हे.

१८६६ सालीं व्हेनिस इटलीच्या राज्यांत आलें आणि ऑस्ट्रियन फौज निघून गेली. परंतु ज्यांचा वाद्यवृंद नाकारला त्यांचाच शब्द शहरानें ठेवून घेतला! पुढें त्यांत कडवट-गोड रंगीत अर्क मिसळूं लागले : पादुआचें १९१९ चें ‘आपेरोल’, व्हेनिसचें १९२० चें ‘सिलेक्ट’. त्यामुळें आजचा स्प्रित्स केशरी किंवा तांबडा दिसतो. पूर्वेकडील त्रिएस्ते बंदर पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडेच होतें; तेथें मात्र पांढरें द्राक्षमद्य व सोडा एवढाच साधा स्प्रित्स अजूनही मिळतो.