सिनेमातलं निवेदन : पडद्यामागून बोलणारा आवाज नेमका कोणाचा?

'लगान' (2001) सुरू होताच अमिताभ बच्चन यांचा आवाज आपल्याला 1893 सालच्या चंपानेरमध्ये घेऊन जातो. ते सिनेमात कुठेच दिसत नाहीत. मग ही गोष्ट सांगतंय कोण? पटकथाकार की आणखी कोणी?

व्हॉइस ओव्हर म्हणजे काय?

प्रसंगात हजर नसलेला आवाज म्हणजे व्हॉइस ओव्हर, अर्थात निवेदन. पटकथेत अशा संवादाआधी पात्राच्या नावापुढे कंसात 'व्ही.ओ.' लिहितात. पात्र त्याच जागी आहे, पण कॅमेऱ्यात दिसत नाही (उदाहरणार्थ, दाराआडून हाक मारतंय), तर 'ओ.एस.' म्हणजे ऑफ स्क्रीन लिहितात.

निवेदक म्हणजेच लेखक का?

नाही. निवेदक हेही लेखकाने घडवलेलं पात्रच असतं. ते खोटं बोलू शकतं, चुकू शकतं, अगदी मेलेलंही असू शकतं. बिली वाइल्डर यांच्या 'सनसेट बुलेवार्ड'मध्ये (1950) जलतरण तलावात तरंगणारा मृतदेहच आपली कहाणी सांगतो. शेवट आधीच कळलेला असतो. त्यामुळे 'काय होणार?'पेक्षा 'असं का झालं?' हा प्रश्न आपल्याला खिळवून ठेवतो.

लेखकाचा स्वतःचा आवाज वेगळा. कोणता प्रसंग दाखवायचा, कोणता गाळायचा, कोणाच्या नजरेतून पाहायचं, कुठे थांबायचं, या निवडींमधून तो जाणवतो. त्यासाठी निवेदनाची गरज नसते.

निवेदनाला नावं का ठेवली जातात?

जे चित्रातून दिसतंय तेच शब्दांत सांगितलं, तर प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. 'ब्लेड रनर' (1982) हे याचं गाजलेलं उदाहरण. चाचणी खेळांमध्ये प्रेक्षक गोंधळले, म्हणून हॅरिसन फोर्ड यांच्या आवाजात निवेदन घालण्यात आलं. शेवटाकडे रॉय हा कृत्रिम मानव आपल्या जिवावर उठलेल्या नायकाला वाचवतो आणि स्वतः मरतो. त्याने असं का केलं असेल, याचा अंदाजही निवेदन लगेच सांगून टाकतं. 1992 च्या 'डायरेक्टर्स कट'मध्ये निवेदन काढलं गेलं. तिथे उरतो पाऊस, नायकाचा चेहरा आणि आपल्या मनातला प्रश्न. प्रसंग तोच, पण उत्तर शोधायचं काम आता आपलं.

मग ते कधी वापरावं?

चित्र आणि शब्द यांच्यात अंतर असेल तेव्हा. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या 'गुडफेलाज'मध्ये (1990) हेन्री गुन्हेगारीच्या दुनियेचं कौतुक सांगत राहतो आणि पडद्यावर तिची हिंसा दिसत राहते. तो काय सांगतो आणि आपण काय पाहतो, यातल्या फटीत सिनेमाचं म्हणणं दडलेलं आहे.

आपल्याला निवेदन नवं नाही. संस्कृत नाटकापासून सूत्रधार आहे, कीर्तनात बुवा आख्यान सांगता सांगता त्यावर भाष्यही करतात. दूरदर्शनवरच्या 'महाभारत'मध्ये तर खुद्द 'समय' निवेदक होता.

नव्या पटकथाकारांसाठी एक सोपी कसोटी : निवेदन काढून प्रसंग पुन्हा वाचा. काहीच हरवलं नाही, तर ते नको होतं. अर्थच बदलला, तर ते राहू द्या.