शेठचा व्हरांडा, आमची पडवी

आमचे आबा महाबळेश्वरात एका बंगल्यावर माळी होते. बंगला इंग्रजांच्या वेळचा. 1829 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वर इंग्रजांना दिलं, बदल्यात वाईकडचं खंडाळा घेतलं. गव्हर्नर माल्कमच्या त्या काळापासून इथं बंगले उठत गेले. जांभ्याच्या जाड भिंती, उतरतं छप्पर, पुढं ऐसपैस व्हरांडा. पावसाळ्याआधी आबा नि चार गडी भिंतींना बाहेरून गवताच्या झडी बांधायचे. नाहीतर इथल्या पावसात जांभा पाणी पितो आणि भिंत दिवाळीपर्यंत ओली राहते.

मी शाळेत असताना शेठनी तो व्हरांडा विटांनी बंद करून दोन खोल्या काढल्या, मागं स्लॅब टाकला. कागद कुणी मागितल्याचं ऐकलं नाही. आबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "घराचं नाक दाबलं रं." पुढच्याच पावसाळ्यात जुनी भिंत अन् नवा स्लॅब यांचा सांधा गळायला लागला. तो शेवटपर्यंत गळतच राहिला.

असं एकेक वाढत गेलं, झाडं गेली. मग 17 जानेवारी 2001 ला केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणीचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. क्षेत्र 123.96 चौरस किलोमीटर. आमचं गाव त्यातच. कायदा चुकीचा, असं मी म्हणणार नाही. कृष्णा, कोयना इथूनच निघतात, आणि माझी स्ट्रॉबेरीही डोंगराच्या झऱ्यावरच जगते. तो झरा मार्चातच आटलेला मी पाहिलाय.

पण थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा आमचं घर दोन खोल्यांचं. पडवी बंद करून दहा बाय बाराची एक खोली काढायची, एवढीच गरज. अर्ज दिला. नकाशा आणा, सातबारा आणा, साहेब मीटिंगला गेलेत. चार वर्षं हेलपाटे. तोवर लग्न झालं, नात झाली, चालायलाही लागली. सून माजघरात पडदा लावून झोपायची, ते बघून मलाच लाज वाटायची. शेवटी एका मे महिन्यात पत्रे ठोकून पडवी बंद केली. आठ दिवसांत नोटीस आली.

नोटीस आणणारा माणूस त्याच खोलीत बसून चहा प्याला. "काका, मी काय करू, वरनं आलंय," म्हणाला. मी सही केली. परवानगी न घेता बांधलं, हे खरंच होतं. शेठचा व्हरांडाही मग आठवलाच.

सुनावणीची तारीख अजून पुढं पुढं जातीय. मेअखेरीला मी पत्र्यांना बाहेरून गवताच्या झडी बांधतो, आबा बांधायचे तशा. पावसाचा आवाज कमी होतो, नात निवांत झोपते.