सोर्स कोड कंट्रोलची कुळकथा

सोर्स कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे आणि मागितली ती जुनी आवृत्ती जशीच्या तशी काढून देणे हे काम संगणकाकडे सोपवणारी पहिली महत्त्वाची प्रणाली १९७२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झाली. मार्क रॉचकिंड यांनी ती आयबीएमच्या सिस्टिम/३७० संगणकासाठी स्नोबॉल भाषेत लिहिली आणि लवकरच युनिक्ससाठी सी भाषेत पुन्हा लिहून काढली. तिचे नाव ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’, म्हणजे एससीसीएस. १९७५ साली रॉचकिंड यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. आवृत्ती-नियंत्रण या विद्याशाखेचा आरंभ तिथून मोजायला हरकत नाही.

एससीसीएससमोर दोन अडचणी होत्या. डिस्कवरची जागा महाग असल्याने प्रत्येक आवृत्तीची पूर्ण प्रत ठेवणे परवडत नव्हते. म्हणून सगळ्या आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलमध्ये गुंफल्या जात, आणि कोणती ओळ कोणत्या आवृत्तीत आली व कोणत्या आवृत्तीत गेली याच्या खुणा मध्ये मध्ये असत. दुसरी अडचण अधिक व्यावहारिक होती. ग्राहकाकडे चालणारा प्रोग्रॅम नेमक्या कोणत्या सोर्सपासून बनला, हे सांगता येत नसे. एससीसीएसने आवृत्तीचा क्रमांक तयार प्रोग्रॅमच्या आतच कोरून ठेवायची सोय केली आणि तो वाचून दाखवणारी एक आज्ञाही दिली. दुरुस्तीसाठी फाइल घेतली की तिच्यावर कुलूप लागे. काम संपवून ती परत ठेवेपर्यंत त्या आवृत्तीत दुसऱ्याला बदल करता येत नसे.

पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८२ साली आणलेल्या आरसीएसने कुलपाची रीत तशीच ठेवली आणि साठवण उलटी केली. सर्वांत नवी आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि जुन्या आवृत्त्यांकडे फरकांच्या पायऱ्यांनी मागे जायचे. माणसे बहुतेक वेळा ताजी आवृत्तीच मागतात, त्यामुळे हा बदल साधा असूनही मोलाचा ठरला.

कुलपाचा जाच पहिल्यांदा नीट ओळखला तो ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात. डिक ग्रून आणि त्यांचे दोन विद्यार्थी १९८४-८५ मध्ये एका सी कंपायलरवर काम करत होते आणि तिघांच्या कामाच्या वेळा एकमेकांशी जुळत नव्हत्या. एकाने फाइल कुलूपबंद करून घर गाठले की दुसऱ्याचे काम अडे. ग्रून यांनी आरसीएसच्या आज्ञांभोवती काही शेल स्क्रिप्ट रचल्या. आता प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी, हवे ते बदल करावेत आणि परत ठेवताना इतरांचे बदल त्यात मिसळून घ्यावेत. दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तेवढाच तंटा माणसांनी बसून सोडवावा. १९८६ मध्ये ग्रून यांनी या स्क्रिप्ट जगासाठी खुल्या केल्या. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी त्याच कल्पनेवर सी भाषेत नवी प्रणाली लिहिली, ती सीव्हीएस. नव्वदच्या दशकात तिला नेटवर्कवरून चालण्याची सोय जोडली गेली आणि एकमेकांना कधीही न भेटलेले प्रोग्रॅमर एकाच कोडवर काम करू लागले. खुल्या सॉफ्टवेअरच्या वाढीचे श्रेय देताना या प्रणालीचा उल्लेख फार कमी होतो. तो व्हायला हवा.

सीव्हीएसची दुखणी मात्र मूळचीच होती. खाली आरसीएस असल्याने तिला फाइल तेवढी कळे, प्रकल्प कळत नसे. दहा फाइलींचा बदल पाठवताना मध्येच जोडणी तुटली तर पाच फाइली नव्या आणि पाच जुन्या राहत. फाइलीचे नाव बदलले की तिच्या इतिहासाचा धागा तुटे. कोलॅबनेट या कंपनीने २००० साली हातात घेतलेले सबव्हर्जन नेमके हेच दुरुस्त करण्यासाठी होते. त्याच्या कर्त्यांपैकी कार्ल फोगेल यांनी आधी सीव्हीएसवर पुस्तकच लिहिले होते, त्यामुळे दुखणे कुठे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. फेब्रुवारी २००४ मध्ये सबव्हर्जनची १.० आवृत्ती आली. त्यात बदल पूर्ण नोंदला जाई किंवा मुळीच नोंदला जात नसे, आणि प्रत्येक नोंदीला साऱ्या प्रकल्पाचा मिळून एकच क्रमांक मिळे. रिपॉझिटरी, म्हणजे साऱ्या इतिहासाचे कोठार, मात्र एकाच सर्व्हरवर राहिली. नोंद करायची तर त्या सर्व्हरपर्यंत पोहोच हवी आणि त्यावर लिहिण्याची परवानगीही हवी.

लिनक्स कर्नेलच्या कामात हे बसणारे नव्हते. १९९१ ते २००२ या काळात लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स ईमेलने येणारे पॅच, म्हणजे बदलांचे तुकडे, हातांनी लावत. सीव्हीएस त्यांना नापसंत होते, कारण शेकडो माणसांना एकाच रिपॉझिटरीत लिहू देणे हे त्यांच्या कामाच्या रीतीच्या उलट होते. २००२ मध्ये त्यांनी लॅरी मॅकव्हॉय यांचे बिटकीपर स्वीकारले. त्यात प्रत्येकाकडे स्वतःची पूर्ण रिपॉझिटरी असे आणि टोरवाल्ड्स विश्वासातल्या माणसांकडून बदल ओढून घेत. कर्नेलच्या प्रोग्रॅमरांना ते फुकट होते, पण सोर्स बंद होता आणि वापरावर अटी होत्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांच्यासह अनेकांनी या निवडीला विरोध केला. एप्रिल २००५ मध्ये तो विरोध खरा ठरला. साम्बा या सॉफ्टवेअरचे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहायला घेतला. हा कराराचा भंग आहे असे मॅकव्हॉय यांचे म्हणणे पडले आणि फुकट परवाना मागे घेतला गेला. जगातल्या सर्वांत मोठ्या खुल्या प्रकल्पांपैकी एकाकडे काम चालवायला प्रणालीच उरली नाही.

टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला गिट लिहायला घेतले. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच नोंदला जाऊ लागला, आणि जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर सांभाळून बाहेर पडली. जुलैपासून गिटची धुरा जुनिओ हमानो यांच्याकडे आली. घाईत जन्मलेल्या या प्रणालीची बैठक मात्र पक्की होती. प्रत्येक फाइलीला आणि प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरातून काढलेली ४० अक्षरांची खूण हेच नाव मिळते. नोंदीच्या आत तिच्या आधीच्या नोंदीची खूण असते. जुन्या इतिहासात कोणी एक अक्षर बदलले तरी तिथून पुढच्या सगळ्या खुणा बदलतात आणि फेरफार उघडा पडतो. शिवाय क्लोन केलेल्या प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास असतो, त्यामुळे एक सर्व्हर जळाला तरी इतिहास जळत नाही. गिटच्याच जन्माच्या महिन्यात, एप्रिलमध्ये, त्याच अडचणीतून मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल आणले. अनेकांना ते शिकायला गिटपेक्षा सोपे वाटे.

२००८ मध्ये गिट रिपॉझिटरी ठेवणारी गिटहब ही सेवा सुरू झाली आणि पारडे गिटकडे झुकले. तरीही एकच प्रणाली सर्वांना पुरते असे नाही. गेम बनवणाऱ्या स्टुडिओंकडे चित्रे, ध्वनी आणि त्रिमितीय प्रतिकृती यांच्या प्रचंड फाइली असतात. त्यांतले बदल ओळीओळीने मिसळता येत नाहीत, म्हणून तिथे कुलपाची सोय असलेले परफोर्स आजही टिकून आहे. विंडोजचा सुमारे ३०० जीबीचा कोड गिटवर नेताना मायक्रोसॉफ्टला लागतील तेवढ्याच फाइली उतरवणारी वेगळी फाइल-व्यवस्था लिहावी लागली.

निवड करणाऱ्या टीमने अभ्यासावे असे उदाहरण पायथन भाषेच्या टीमचे आहे. सीव्हीएसवरून ती २००५ मध्ये सबव्हर्जनवर गेली. पुढे तिने बझार, गिट आणि मर्क्युरिअल यांची रोजच्या कामाच्या प्रसंगांवर तुलना केली आणि ती पीईपी ३७४ या दस्तऐवजात मांडली. २००९ मध्ये निवड झाली मर्क्युरिअलची. गिटचा विंडोजवरचा आधार तेव्हा कच्चा होता आणि टीममधल्या अनेकांना गिट रुचत नव्हते. स्थलांतर २०११ मध्ये पुरे झाले. पण बाहेरून हातभार लावू पाहणारे बहुतेक प्रोग्रॅमर तोवर गिटहबवर होते, आणि आलेले पॅच तपासण्याचे काम तुंबत होते. २०१६ च्या पहिल्या दिवशी गिटहबवर जायचा निर्णय जाहीर झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तो अमलात आला. पहिल्या निवडीत प्रणालीचे गुण तोलले गेले. दुसरीत माणसे कुठे आहेत हे पाहिले गेले, आणि तीच कसोटी अधिक खरी होती.

इतक्यांदा घर बदलूनही या टीमचे नुकसान झाले नाही, कारण प्रत्येक वेळी इतिहास पूर्ण बाहेर काढून पुढे नेता आला. नवी प्रणाली घेण्यापूर्वी टीमने वेग आणि सोयी पाहाव्यातच, पण त्याआधी इतिहास सबंध बाहेर निघतो का हे स्वतः काढून पाहावे. पायथनच्या गिट रिपॉझिटरीतली पहिली नोंद ऑगस्ट १९९० ची आहे. गिटच्या जन्माला तेव्हा पंधरा वर्षे अवकाश होता.