रामदास बोटीचा तोल

सोलापूरच्या मुलांना आगबोट ठाऊक असते ती चित्रातली. सिद्धेश्वर तलाव पाहिला की मोठ्या पाण्याशी ओळख संपली. सातवीच्या वर्गात 'रामदास' बोटीची हकीकत सांगत होतो, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, एवढी मोठी लोखंडी बोट उलटते कशी?"

रामदास १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वान हंटर यांच्या गोदीत बांधली गेली. लांबी सुमारे १७९ फूट. कोकणात तेव्हा धड रस्ते नव्हते. चाकरमानी, त्यांची बोचकी, सारे आगबोटीने जाई. धोका लोकांना माहीत नव्हता असे नाही. 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, एकाच दिवशी बुडाल्या होत्या. पण दुसरी सोय कोणती?

१७ जुलै १९४७. गटारी अमावस्येसाठी गावी निघालेल्यांची गर्दी. सकाळी आठच्या सुमारास रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. पावसाळी समुद्र खवळलेला. अर्ध्याएक तासाने, काशाच्या खडकाजवळ, बोटीत पाणी शिरू लागले. घाबरलेली माणसे एका बाजूला धावली, आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

आता त्या मुलीचा प्रश्न. पत्र्याचा उथळ डबा घ्या, तळाशी मधोमध ओली माती घट्ट थापा आणि बादलीतल्या पाण्यावर तरंगत ठेवा. बोटाने थोडा कलवून सोडा, तो सरळ होतो. कललेली बाजू जास्त पाणी बाजूला सारते, म्हणून पाणी तिलाच अधिक जोराने वर ढकलते. आता माती काढून तितक्याच वजनाच्या गोट्या टाका. डबा जरा कलला की गोट्या गडगडत त्याच बाजूला जातात, वजनाचा मध्य सरकतो आणि काठावरून पाणी आत येते. आमच्या वर्गात डबा तिसऱ्या खेपेला बुडाला. वजन तेवढेच होते. फक्त ते जागेवर राहिले नाही. बोटीत शिरलेले पाणीही असेच कललेल्या बाजूला धावते. शिवाय डेकवर उभी माणसे वजनाचा मध्य वर नेतात, तो धोका वेगळाच. (हा प्रयोग वर्गाबाहेर करावा, फरशी भिजते.)

मासे घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी बुडणाऱ्यांपैकी अनेकांना आपल्या होड्यांत ओढून घेतले. मुंबईला मात्र पत्ता नव्हता. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. जीव वाचवून किनाऱ्याला लागलेल्यांकडून बातमी शहरात पोहोचली, तेव्हा बोट बुडून कित्येक तास उलटले होते.