मुथीगा : साल, पान आणि तिखट

केनियातील किकुयू समाजाचा औषधी वारसा संग्रहालयांत पोहोचला तो दुभंगूनच. रोगनिदान, शकुन आणि शुद्धिविधी सांभाळणारा वैद्य म्हणजे ‘मुंडू मुगो’. त्याच्या तुंब्या मानवशास्त्रीय दालनांत गेल्या, तर त्याने वापरलेल्या झाडांच्या वाळवलेल्या फांद्या वनस्पतिसंग्रहांत जमा झाल्या. रूटलेज दांपत्याने किकुयूंमध्ये राहून जमवलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियम आणि ऑक्सफर्डचे पिट रिव्हर्स संग्रहालय येथे आहेत, आणि त्यांचा किकुयूंवरील ग्रंथ १९१० साली निघाला. वस्तू आणि वनस्पती यांच्या संग्रहांतील तुटलेला दुवा जोडणारे झाड म्हणजे किकुयूंचे ‘मुथीगा’, ज्याला स्प्रेग या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ साली ‘वारबर्गिया युगांडेन्सिस’ हे नाव दिले.

मुथीगाची झणझणीत साल दातदुखीवर चघळतात, आणि खोकला, पोटदुखी व हिवताप यांवर तिचा काढा देतात. याच झाडाची दुसरी परंपरा अधिक चकित करणारी आहे. केनियातून जाणाऱ्या युगांडा रेल्वेच्या बांधणीसाठी (१८९६–१९०१) मुख्यतः पंजाबातून नेलेल्या भारतीय मजुरांनी, मिरची मिळेनाशी झाल्यावर, याची पाने कालवणात घातली असे सांगितले जाते.

मजुरांनी हे ज्ञान किकुयू वैद्यांकडून जसेच्या तसे उचलले, असे एक स्पष्टीकरण संभवते; परंतु तसे असते तर त्यांनी सालच घेतली असती, कारण स्थानिक उपचारांत मुख्य स्थान सालीला आहे. उलट, हा शोध त्यांनी स्वतंत्रपणे लावला असे म्हटले, तर अनोळखी रानातील असंख्य झाडांमधून नेमके हेच कसे सापडले याचा उलगडा होत नाही. म्हणून तिसरी शक्यता अधिक पटते : झाड तिखट आहे ही माहिती स्थानिकांकडून मिळाली आणि पानांची निवड स्वयंपाक्यांनी केली, कारण कालवणात हिरवी पाने टाकणाऱ्या हाताला पानच सवयीचे असते.

रसायनशास्त्रानुसार या तिखटपणाचे मूळ पॉलिगोडियल आणि वारबर्गानल या संयुगांत आहे. यांपैकी वारबर्गानलमुळे किडी पान कुरतडणे सोडतात, हे १९७६ साली दाखवले गेले; पॉलिगोडियल तर जपानात कच्च्या माशाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या, पाणथळ जागी वाढणाऱ्या एका तिखट वनस्पतीतही आढळते. कीड रोखणारा झाडाचा हा गुण माणसाने एकीकडे औषधात आणि दुसरीकडे जेवणात वापरला.

या कुळकथेचे महत्त्व आज वाढले आहे, कारण खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली की झाड वाळते, तर बेताने पाने खुडली तरी ते जगते. तिखट संयुगे पानांतही असल्यामुळे सालीऐवजी पाने वापरण्याचा विचार संशोधकांनी मांडला आहे. म्हणूनच संग्रहालयांनी तुंबीशेजारी वनस्पतीचे नाव, तिचा वापरलेला भाग आणि चव या तिन्ही गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. वैद्याची साल आणि मजुरांचे पान एकत्र वाचले, तरच या औषधाचा इतिहास त्याच्या भविष्याच्या उपयोगी पडेल.