सालीची पट्टी

बर्न्स वॉर्डात सर्वांत अवघड वेळ असते ती पट्टी बदलण्याची. कोरडा गॉज स्रावात भिजतो, वाळतो, उगवू लागलेल्या कातडीत रुतून बसतो आणि सोडवताना तीच कातडी उचलून आणतो. सिस्टर सलाईन ओतून ओतून तो भिजवते, तरी रुग्ण ओरडतोच. भाजण्यावरच्या उपचारांचा इतिहास सहसा औषधांच्या नावांनी सांगितला जातो. माझ्या मते तो या ओढण्याच्या क्षणापासून सांगायला हवा, कारण मुंबईने या शास्त्रात घातलेली मोलाची भर याच क्षणाची आहे, आणि ती बटाट्याच्या सालीची आहे.

स्वयंपाकघरातली वस्तू जखमेवर लावणे हे काही आपल्याकडचेच वेड नाही. 1925 साली डेट्रॉइटच्या एडवर्ड डेव्हिडसन यांनी टॅनिक ॲसिड आणले. चहाला तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांच्याच कुळातले. त्याने जखमेवर कडक खपली धरायची, पाणी झिरपणे कमी व्हायचे, आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते डोक्यावर घेतले. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांची बोटे त्या खपलीखाली आखडून गेली, यकृतावरचे दुष्परिणामही दिसले, आणि ते मागे पडले. 1942 मध्ये बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइट क्लबला आग लागली, तेव्हाच्या रुग्णांनंतर व्हॅसलीन गॉजचे बस्तान बसले. मग 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवले की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या, वाळणाऱ्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने कातडी धरते. खपली धरली म्हणजे जखम बरी होते आहे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज तिथे मोडला. मात्र ओल धरून ठेवणारी तयार आवरणे महाग, आणि भाजलेल्या अंगाला ती थोडीथोडकी पुरत नाहीत.

परळच्या बाई जेरबाई वाडिया लहान मुलांच्या रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी यावर काढलेला तोडगा 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर ओळीने चिकटवायच्या, पट्टी गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायची आणि सालीची आतली, ओलसर बाजू जखमेवर टेकवायची. बटाटा महिनोन्‌महिने सुकत नाही तो या सालीतल्या बुचासारख्या थरामुळे. तोच थर इथे जखमेचे पाणी राखतो. 1990 च्या अभ्यासात नुसता गॉज आणि सालीची पट्टी यांची तुलना झाली. सालीखाली जखम वाळली नाही, वरवरच्या पेशी जगल्या, कातडी लवकर आली. जंतू मात्र दोन्हीकडे होते. या पट्टीच्या बाजूने मला सर्वांत पटणारी गोष्ट हीच, की सालीत काही गूढ औषधी गुण असल्याचा दावा तिच्या कर्त्यांनी केला नाही.

पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान घेतले. ते रुंद, गुळगुळीत, मेणचट. सोलण्या-चिकटवण्याची खटपट कमी. 2003 मध्ये त्यांनी व्हॅसलीन गॉजशी त्याची तुलना प्रसिद्ध केली: पान चिकटत नाही, काढताना दुखणे कमी.

यावर एक आक्षेप येतो, की गरिबाला पान आणि श्रीमंताला परदेशी आवरण, हा दुजाभाव झाला. पान तपासल्याशिवाय वापरले असते तर तो नक्कीच झाला असता. तुलना करून, मोजून वापरलेली वस्तू स्वस्त आहे म्हणून हलकी ठरत नाही. टॅनिक ॲसिड काही स्वस्त म्हणून टाकावे लागले नव्हते. अर्थात सालीलाही मर्यादा आहे. कातडीची पूर्ण जाडी जळाली असेल तर तिथे कातडीच लागते, आणि शीवच्याच रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी उभी राहिली ती त्यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे वाचून कोणी भाजलेल्या हातावर तूप, शाई, टूथपेस्ट लावायला मोकळा होईल. ती पट्टी ऑटोक्लेव्हमधून निघते आणि धुतलेल्या जखमेवर सिस्टरच्या हाताने बसते. ओट्यावरची साल म्हणजे ती नव्हे. घरी हात भाजला तर बांगड्या-अंगठ्या लगेच काढा, वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, स्वच्छ कापडाने सैल झाका आणि दवाखाना गाठा.