आर्सेन कोण?

आठवीच्या वर्गातल्या एका मुलाने वहीच्या पुठ्ठ्यावर फुटबॉलची चित्रं चिकटवली होती. मधल्या सुट्टीत आर्सेनल क्लबचा एकेक खेळाडू तो मला ओळखून दाखवत होता. त्यातलं एक चित्र मात्र खेळाडूचं नव्हतं. सूट घातलेल्या, सडपातळ, चषक उंच धरलेल्या एका माणसाचा तो पुतळा होता. मी विचारलं, हा कोण? तो म्हणाला, "पता नहीं सर, कोई पुराना आदमी है."

तो पुतळा आर्सेन वेंगरचा. लंडनमध्ये आर्सेनलच्या मैदानाबाहेर २०२३ च्या जुलैत तो उभारला गेला. त्या मुलाच्या उत्तराचं मला हसू आलं, कारण १९९६ च्या सप्टेंबरात या माणसाला आर्सेनलने मॅनेजर नेमलं तेव्हा अख्ख्या लंडनने हाच प्रश्न विचारला होता. 'इव्हिनिंग स्टँडर्ड' या सायंदैनिकाने तर 'आर्सेन कोण?' असा मथळाच छापला. पुढे त्या मथळ्याची दंतकथा झाली. दंतकथा अशी की चाहत्यांनी नाक मुरडलं, नवा माणूस आला, त्याने जादू केली आणि सगळे त्याचे झाले. मी स्वतः बरीच वर्षं हीच गोष्ट मुलांना सांगत आलो. पण तारखा लावून बघितल्या तर ती इतकी सरळ नाही.

आधी एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे मॅनेजर म्हटलं की बँकेतला माणूस डोळ्यांपुढे येतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे त्या काळी क्लबचा सर्वेसर्वा. संघ तो निवडणार, सराव तो घेणार, कोणता खेळाडू विकत घ्यायचा हेही बहुतेक तोच ठरवणार. मालक आणि संचालक वर असतात, पण मैदानावर जे घडतं त्याचा जाब चाहते मॅनेजरलाच विचारतात. त्यामुळे नवा मॅनेजर येणं ही चाहत्यांच्या दृष्टीने घरात नवा कर्ता येण्यासारखी गोष्ट असते. तो निवडताना मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

१९९६ मध्ये आर्सेनलचे चाहते रागावलेले होते, आणि त्याला कारणं होती. जॉर्ज ग्रॅहम या मॅनेजरने १९८९ आणि १९९१ साली लीग जिंकून दिली होती. तोच ग्रॅहम खेळाडूंच्या खरेदीत एका दलालाकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात १९९५ च्या फेब्रुवारीत काढला गेला. मग ब्रूस रिऑक आला. त्याच्या काळात डेनिस बर्गकॅम्पसारखा खेळाडू आला आणि संघ पाचवा आला. तरी १९९६ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू व्हायला पाच दिवस असताना, रिऑकला नारळ मिळाला. पुढे कोण येणार हे संचालक सांगेनात. वेंगरशी बोलणं झालं होतं, पण तो जपानमध्ये नागोया ग्रॅम्पस एट या क्लबशी कराराने बांधलेला होता. मधल्या काळात स्ट्युअर्ट ह्यूस्टनने हंगामी कारभार पाहिला, तोही सोडून गेला, मग पॅट राईसने पाहिला. गलबत समुद्रात आणि तांडेल कोण ते कुणालाच ठाऊक नाही, अशी ती अवस्था होती.

या काळात वर्तमानपत्रांत नावं येत होती. योहान क्रायफचं आलं, टेरी व्हेनेबल्सचं आलं, आणि त्या यादीत वेंगर हेही एक नाव होतं. आर्सेनलचा चाहता आणि त्याच वेडावर 'फीव्हर पिच' हे पुस्तक लिहिणारा निक हॉर्नबी याने पुढे सांगितलं आहे की ती यादी वाचताच त्याला वाटलं, हा वेंगरच येणार, कारण बाकीच्यांना मी ओळखतो. आपल्या क्लबच्या नशिबी नेहमी अनोळखी आणि नीरसच माणूस यायचा, असं त्याला म्हणायचं होतं. चाहत्याच्या मनाचं याहून चांगलं वर्णन मला माहीत नाही. त्यात परक्याविषयीचा द्वेष कमी होता, आपल्या माणसांवरचा चिडका अविश्वास जास्त होता.

परक्याची भीती होती ती आधी संचालकांच्या खोलीत. उपाध्यक्ष डेव्हिड डीन याची वेंगरशी ओळख १९८९ च्या जानेवारीत हायबरीच्या मैदानावरच झाली होती. १९९५ मध्येच त्याने वेंगरचं नाव पुढे केलं होतं, पण अध्यक्ष पीटर हिल-वूड आणि इतरांना परदेशी मॅनेजर म्हणजे मोठी जोखीम वाटली. ते अगदीच चूक नव्हते म्हणा. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला मॅनेजर योझेफ वेंग्लोश हा १९९० मध्ये ॲस्टन व्हिलाला आला आणि एका हंगामात परत गेला. टॉटनहॅमचा ओसी आर्दिलेस १९९४ मध्ये काढला गेला.

गंमत म्हणजे हायबरीच्या गल्ल्यांत तेव्हा परके नव्हते असं नाही. आयरिश, सायप्रसचे ग्रीक आणि तुर्क, कॅरिबियन बेटांवरचे लोक त्या भागात पिढ्यानपिढ्या राहत होते. मैदानापासून थोडं चाललं की फिन्सबरी पार्कची मशीद लागते. संघातही इयान राईटसारखे कृष्णवर्णीय खेळाडू चाहत्यांच्या गळ्यातले ताईत होते. म्हणजे गल्लीत परका चालत होता, मैदानातही चालत होता. कर्त्याच्या खुर्चीवर तो कधी बसला नव्हता, एवढंच.

आणि आला तो कोण? वेंगरचा जन्म १९४९ चा, स्ट्रासबर्गचा. तो वाढला डुटलेनहाईम या लहान गावात, आईवडिलांच्या खानावळवजा दारूच्या गुत्त्यात. हा प्रदेश आल्झासचा. १८७१ मध्ये तो फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर परत फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये हिटलरने घेतला आणि युद्ध संपताना पुन्हा फ्रान्सचा झाला. तिथल्या हजारो तरुणांना जर्मन सैन्यात बळजबरीने भरती करून रशियाच्या आघाडीवर पाठवलं गेलं. वेंगरचे वडील त्यांतले एक. गावात बोली अल्सेशियन, ती जर्मनच्या कुळातली, आणि शाळेची भाषा फ्रेंच. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि दोन्हींकडून निष्ठेची चौकशी, हा अनुभव काय असतो ते या अंकाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. 'आर्सेन कोण?' याचं खरं उत्तर इथे होतं, पण मथळा लिहिणाऱ्याला ते नको होतं.

वेंगरने अर्थशास्त्राची पदवी घेतली होती. मोनॅकोला १९८८ ची फ्रेंच लीग जिंकून दिली होती. खेळाडू म्हणून मात्र तो सामान्यच होता. कप्तान टोनी ॲडम्सने पुढे मोकळेपणाने कबूल केलं की हा चष्मेवाला आपल्याला शाळामास्तरासारखा वाटला, याला फुटबॉलमधलं काय कळणार! या वाक्याशी मी दरवेळी थोडा अडखळतो, कारण मीही चष्मेवाला मास्तर आहे.

१२ ऑक्टोबर १९९६ ला ब्लॅकबर्नला पहिला सामना झाला. राईटचे दोन गोल, आर्सेनल २–०. वेंगरने खेळाडूंचं खाणं बदललं, चॉकलेट बंद केलं, सरावात शरीर ताणण्याचे व्यायाम आणले. बसमध्ये मागच्या बाकांवरून 'आमची चॉकलेटं परत द्या' असा घोष झाल्याचं खेळाडूंनीच पुढे सांगितलं. चाहत्यांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसला पॅट्रिक व्हिएरा. वेंगर यायच्या आधीच त्याच्या सांगण्यावरून हा विशीतला, सेनेगलच्या डाकारमध्ये जन्मलेला मुलगा मिलानहून आणला होता. १६ सप्टेंबरला शेफील्ड वेन्सडेविरुद्ध तो बदली म्हणून उतरला आणि मधल्या फळीचा रंगच पालटला. आर्सेनल ४–१ ने जिंकलं. मॅनेजर जपानमध्ये आणि त्याची साक्ष मैदानावर, असा तो प्रकार.

मग गोष्ट इथेच संपायला हवी होती. ती संपली नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये वेंगरच्या खासगी आयुष्याबद्दल एक घाणेरडी आणि साफ खोटी अफवा उठली. बातमीदार हायबरीच्या दारात जमले. तो एकटा पायऱ्यांवर आला आणि तुमच्याकडे काय आहे ते माझ्यासमोर सांगा, असं त्याने त्यांना विचारलं. छापायला धजावं असं कुणाकडे काही नव्हतं. विरोधी संघांचे प्रेक्षक मात्र कितीतरी काळ तीच घाण स्टेडियममध्ये ओरडत राहिले. अनोळखी माणसाबद्दल काहीही खपतं. त्याच्या बाजूने बोलायला कुणी ओळखीचं नसतं ना!

पहिल्या हंगामात आर्सेनल तिसरं आलं. न्यूकॅसलइतकेच गुण होते, पण गोलफरकात ते मागे पडलं. दुसऱ्या हंगामात १३ डिसेंबर १९९७ ला ब्लॅकबर्नने हायबरीवर येऊन ३–१ ने हरवलं आणि घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. सामन्यानंतर इयान राईट ड्रेसिंग रूमच्या खिडकीत येऊन खाली जमलेल्या चाहत्यांशी भांडला. ही तारीख मला महत्त्वाची वाटते. वेंगर येऊन चौदा महिने झाले होते, आणि लाडका राईट खिडकीतून हातवारे करत होता. दंतकथेत हा दिवस सहसा येत नाही.

त्यानंतर मात्र चक्र फिरलं. मँचेस्टर युनायटेड एका टप्प्यावर बारा गुणांनी पुढे होतं. आर्सेनलचे सामने शिल्लक होते, तरी लीग युनायटेडचीच, असं सगळे धरून चालले होते. मार्चमध्ये युनायटेडच्या घरी ओव्हरमार्सचा एक गोल, मग ओळीने विजय, आणि ३ मे १९९८ ला एव्हर्टनविरुद्ध ४–० ने लीग पक्की. शेवटचा गोल केला शाळामास्तराला नाक मुरडणाऱ्या टोनी ॲडम्सने. तेरा दिवसांनी एफ. ए. कपही आला. इंग्लंडमध्ये एकाच वर्षी हे दोन्ही जिंकणारा वेंगर हा पहिला परदेशी मॅनेजर. 'आपल्याला तर पहिल्यापासून वाटत होतं' असं म्हणणाऱ्यांची संख्या त्या उन्हाळ्यात किती वाढली असेल, याची कल्पना कुठल्याही गावात राहणारा माणूस करू शकतो.

माझी ओळख झाली ती २००३-०४ च्या संघाशी. केबलवर रात्री उशिरा सामने लागायचे. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, पराभव एकही नाही. मी शाळकरी होतो, आणि माझ्यासाठी वेंगर हा प्रश्न नव्हताच. तो आधीपासून तिथे होता, घरातल्या जुन्या कपाटासारखा. २००६ मध्ये क्लब हायबरी सोडून साठ हजारांच्या नव्या मैदानात गेला. कर्ज आलं, चांगले खेळाडू विकले गेले, २००५ नंतर नऊ वर्षं चषक नाही. २०११ मध्ये युनायटेडने ८–२ असं लोळवलं. आता प्रश्न 'कोण?' हा राहिला नाही, 'कधी जाणार?' हा झाला. १८ मार्च २०१७ ला वेस्ट ब्रॉमविच इथे सामना चालू असताना आकाशात एक विमान वेंगरला घालवा असा फलक ओढत गेलं, आणि दुसरं त्याच्यावर विश्वास असल्याचा. एकाच क्लबच्या चाहत्यांनी वर्गणी काढून आभाळात भांडण केलं. आर्सेनल ३–१ ने हरलं.

२०१८ च्या मे महिन्यात तो बावीस वर्षांनी गेला आणि उनाय एमेरी आला. या वेळी नाव अनोळखी नव्हतं. सेव्हिलाबरोबर एमेरीने ओळीने तीन युरोपा लीग जिंकल्या होत्या. त्याचं अडलं ते इंग्रजीपाशी. पत्रकार परिषदेच्या सुरुवातीला तो 'गुड इव्हनिंग' म्हणे, त्यात 'व्ह'चा 'ब' होई, आणि संघ जिंकत होता तोवर चाहते ते कौतुकाने म्हणून दाखवत. सलग बावीस सामने तो हरला नाही. संघ हरू लागला तसं तेच 'गुड इबनिंग' टिंगलीसाठी वापरात आलं. उच्चार तोच, ऐकणारेही तेच.

मी मराठवाड्यातला. नोकरी लागली कोकणातल्या एका उर्दू शाळेत. माझं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून पोरं आधी खो-खो हसत, मग माझी नक्कल करत. पालकांनाही माझी भाषा मजेशीर वाटे. त्या वर्षी दहावीचा निकाल पडला, तेव्हा एका पालकांनी सभेत उठून सांगितलं की ज्यांना नीट बोलता येत नाही ते शिकवणार काय! माझा विषय गणित होता आणि गणितात मुलं पास झाली होती. पण ते असो.

एमेरीला २०१९ च्या नोव्हेंबरात काढलं. २०२१ मध्ये त्याच्या व्हिलारेआलने युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत आर्सेनललाच हरवलं आणि पुढे चषकही नेला. त्याच्या जागी आलेला मिकेल आर्तेता वेंगरच्या हाताखाली खेळलेला, आर्सेनलचाच माजी कप्तान. घरचा माणूस, तरी चाहत्यांची तक्रार होतीच की याने पूर्वी एकही क्लब सांभाळलेला नाही. पहिल्याच वर्षी एफ. ए. कप मिळाला, पण लीगमध्ये दोनदा आठवा क्रमांक आला. तेव्हा क्लबने थांबायचं ठरवलं. चाहत्यांपैकी बरेच जण थांबायला तयार नव्हते, पण साथीमुळे स्टेडियम रिकामी होती आणि हुर्यो उडवायला आत कुणी नव्हतं. त्याचा आर्तेताला किती फायदा झाला, यावर कुणी तरी नीट लिहायला हवं.

वेंगरचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना ६ मे २०१८ चा, बर्नलीविरुद्ध, ५–०. प्रेक्षकांच्या अंगात लाल सदरे होते, त्यांवर फ्रेंचमध्ये 'मर्सी आर्सेन' छापलेलं. आदल्या काही मोसमांत त्याच मैदानात खुर्च्या रिकाम्या राहत होत्या. त्या दिवशी मैदान भरलं होतं. वेंगरने माईक हातात घेतला, आधी आजारी असलेल्या अॅलेक्स फर्ग्युसनला लवकर बरं वाटू दे म्हणाला, मग चाहत्यांचे आभार मानले, आणि मैदानाला एक फेरी मारून आत गेला.